बिल विलिस: न लिहिलेला नियम मोडणारा लाइनमन

हेडफोन लावलेत ना? ट्रेनमध्ये असाल तर दारापासून जरा आत सरका, आजची गोष्ट थोडी मोठी आहे. आणि जे ऐकायच्या ऐवजी वाचताय त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा मजकूर, बोलण्यातले "अं... म्हणजे" काढून टाकून.

आज आपण बोलणार आहोत अमेरिकन फुटबॉलबद्दल. थांबा, लगेच स्किप करू नका. हा खेळ मलाही कळत नव्हता. आमच्या टीममध्ये ओहायोचा एक सहकारी आहे, सोमवारी संध्याकाळच्या कॉलवर पहिली पाच मिनिटं तो फक्त क्लीव्हलंड ब्राउन्स कसे हरले ते सांगतो. त्याच्या रडगाण्याला निदान हुं हुं तरी करता यावं म्हणून मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता एका माणसापाशी अडकलो. त्याचं नाव बिल विलिस.

सुरुवात एका प्रश्नाने करू. अमेरिकेतल्या मोठ्या खेळांमधली वर्णभेदाची भिंत कोणी पाडली? क्विझ खेळणारे लगेच सांगतील, जॅकी रॉबिन्सन. 15 एप्रिल 1947, ब्रुकलिन डॉजर्स, बेसबॉल. उत्तर बरोबर आहे, पण बेसबॉलपुरतं. त्याच्या सात महिने आधी, 6 सप्टेंबर 1946 ला, क्लीव्हलंडच्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये 60,135 प्रेक्षकांसमोर दोन कृष्णवर्णीय खेळाडू व्यावसायिक फुटबॉल खेळायला मैदानात उतरले होते. त्यातला एक बिल विलिस.

मग रॉबिन्सनचं नाव जगाला माहीत आणि विलिसचं का नाही? माझ्या मते याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे त्याने जो नियम मोडला तो कुठेच लिहिलेला नव्हता. आणि दुसरं म्हणजे तो ज्या जागेवर खेळायचा, त्या जागेच्या कामाची नोंदच कोणी ठेवत नव्हतं.

आधी खेळ, दोन मिनिटांत

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे.

प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला दोन्ही संघ एका अदृश्य रेषेच्या दोन बाजूंना, नाकाला नाक लावून उभे राहतात. बॉलवाल्या संघाचा मधला माणूस म्हणजे सेंटर. तो वाकून बॉल जमिनीवर धरतो आणि दोन पायांमधून मागे देतो, क्वार्टरबॅकला. क्वार्टरबॅक म्हणजे सिनेमातला हिरो. पास तो फेकतो आणि पोस्टरवर फोटोही त्याचाच असतो.

आणि रेषेवर जे धिप्पाड लोक एकमेकांना भिडतात, ते लाइनमन. एका बाजूचे क्वार्टरबॅकला वाचवतात, दुसऱ्या बाजूचे त्याच्यावर तुटून पडतात. बॉल त्यांच्या हातात जवळपास कधीच येत नाही. पॉइंट त्यांच्या नावावर लागत नाहीत. क्वार्टरबॅकला बॉलसकट मागच्या मागे आडवं करणं, ज्याला आज "सॅक" म्हणतात, तो आकडासुद्धा एनएफएलने अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली 1982 मध्ये!

मी बॅकएंडवर काम करतो, त्यामुळे ही भावना मला नीट कळते. सिस्टीम चालू असेल तर तुमचं नाव कुणी घेत नाही. बंद पडली की मात्र सगळे तुम्हालाच शोधतात.

विलिसची जागा होती "मिडल गार्ड". म्हणजे बचावाच्या रांगेत बरोबर मध्ये, समोरच्या सेंटरच्या नाकासमोर. आता एक नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सेंटरने बॉल हलवायच्या आधी तुम्ही रेषा ओलांडलीत तर ती चूक, ऑफसाइड. आणि बॉल हलल्यावर तुम्ही अर्धा सेकंद उशिरा निघालात तर तुम्ही गेलात, समोरचा तुम्हाला उचलून बाजूला टाकणार. म्हणजे सगळा खेळ त्या एका क्षणाचा.

जो नियम कुठेच लिहिला नव्हता

एनएफएलची सुरुवात 1920 ची. ओहायोमधल्या कँटन गावात, राल्फ हे नावाच्या माणसाच्या मोटारींच्या शोरूममध्ये बसून काही संघांनी लीग काढली. आणि गंमत बघा, पहिल्याच वर्षांत त्यात कृष्णवर्णीय खेळाडू होते. फ्रिट्झ पोलार्ड तर 1921 मध्ये अॅक्रन संघाचा खेळाडू आणि सह-प्रशिक्षक होता. 1933 पर्यंत असे तेरा खेळाडू होऊन गेले. फार नाहीत, पण दार उघडं होतं.

1933 च्या सीझनला दोन जण उरले होते. शिकागो कार्डिनल्सचा जो लिलार्ड आणि पिट्सबर्गचा रे केम्प. 1934 मध्ये एकही नाही. आणि पुढची बारा वर्षं एकही नाही.

का? ठराव झाला का? नाही. नियमपुस्तकात एक ओळ टाकली का? तीही नाही. संघमालकांना नंतर विचारलं तर त्यांनी हात वर केले. शिकागो बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांनी असं काही ठरलं होतं हे कायम नाकारलं. बहुतेक अभ्यासक जॉर्ज प्रेस्टन मार्शल या मालकाकडे बोट दाखवतात. हा 1932 मध्ये लीगमध्ये आला, त्याचा संघ पुढे वॉशिंग्टनला गेला, आणि आपल्या संघात कृष्णवर्णीय नको हे त्याने कधी लपवलं नाही. पण एकटा मार्शल असता तर एकाच संघाचं दार बंद झालं असतं. इथे सगळ्यांची दारं बंद होती. त्यात मंदीचे दिवस. गोऱ्यांनाच नोकऱ्या नाहीत तिथे यांना कशाला, असा विचार करणारे भरपूर होते.

लिहिलेला नियम असला की तो कोर्टात नेता येतो, त्याच्यावर अग्रलेख लिहिता येतो. न लिहिलेल्या नियमाशी भांडणार कसं? समोरचा म्हणतो, "नियम? कुठला नियम? आम्हाला कोणी चांगला मिळालाच नाही."

आणि "चांगला मिळाला नाही" हे किती खोटं होतं ते बघा. 1939 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए कॉलेजकडून केनी वॉशिंग्टन खेळत होता. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक. त्याच संघात वूडी स्ट्रोड होता आणि, हो, जॅकी रॉबिन्सनसुद्धा. एनएफएलच्या एकाही संघाने वॉशिंग्टनचं नाव पुकारलं नाही. तो छोट्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला आणि गुडघे झिजवत बसला.

कोलंबसचा मुलगा

विल्यम विलिसचा जन्म 5 ऑक्टोबर 1921 चा, ओहायोची राजधानी कोलंबस इथला. वडील तो लहान असतानाच गेले. आई आणि आजोबांनी वाढवलं. त्याचा मोठा भाऊ क्लॉड शाळेच्या संघात फुलबॅक होता, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, आणि गावात त्याचं चांगलं नाव होतं. बिलने ठरवलं की आपण फुलबॅक व्हायचं नाही. का, तर लोक भावाशी तुलना करतील. म्हणून तो रांगेत गेला, लाइनमन झाला. घरोघरी दादाच्या मार्कांवरून बोलणी खाल्लेल्या सगळ्या धाकट्यांनी इथे मान डोलवायला हरकत नाही.

शाळा संपल्यावर वर्षभर नोकरी केली आणि 1941 मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला. त्याच वर्षी तिथे नवा कोच आला, पॉल ब्राउन. हे नाव लक्षात ठेवा. वय बत्तीस-तेहतीस, शिस्तीचा माणूस, वहीत सगळं लिहून ठेवणारा, खेळाडूंना वर्गात बसवून शिकवणारा. आज कोचिंगमध्ये ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो त्यातल्या कितीतरी त्याने रुळवल्या.

1942 मध्ये ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेते ठरले. त्या सीझनमध्ये ते एकच सामना हरले, विस्कॉन्सिनविरुद्ध, आणि तोही अर्धा संघ पोट बिघडून पडलेला असताना. प्रवासात रेल्वेचं खराब पाणी प्यायले होते म्हणे.

विलिस दिसायला लाइनमन वाटायचाच नाही. उंची 6 फूट 2 इंच, वजन साधारण 213 पौंड, म्हणजे 97 किलोच्या आसपास. आजचे लाइनमन सर्रास 136 किलोच्या पुढे असतात, आणि त्या काळातही त्याला समोर उभे राहणारे त्याच्याहून जड असायचे. पण हा माणूस कॉलेजच्या अॅथलेटिक्स संघात स्प्रिंट पळायचा. धावपटूचे पाय घेऊन तो रांगेत उभा राहत होता.

युद्ध सुरू होतं. तो सैन्यात जायला तयार होता, पण पायातल्या व्हेरिकोज व्हेन्समुळे त्याला नाकारलं. त्यामुळे तो खेळत राहिला. 1944 ला ओहायो स्टेट सगळे नऊ सामने जिंकले आणि विलिस ऑल-अमेरिकन निवडला गेला. ओहायो स्टेटचा पहिला कृष्णवर्णीय ऑल-अमेरिकन तोच.

एखाद्या गोऱ्या खेळाडूला यानंतर एनएफएलच्या चिठ्ठ्या आल्या असत्या. विलिसला एकही आली नाही. त्याने केंटकी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात कोचची नोकरी धरली. वय तेवीस-चोवीस. खेळायच्या वयात तो दुसऱ्यांना खेळ शिकवत होता.

बोलिंग ग्रीन, ऑगस्ट 1946

युद्ध संपलं आणि दोन गोष्टी एकदम घडल्या.

पहिली म्हणजे क्लीव्हलंड रॅम्स हा एनएफएल संघ 1946 मध्ये गाशा गुंडाळून लॉस एंजेलिसला गेला. तिथलं कोलिझियम स्टेडियम सरकारी, लोकांच्या कराच्या पैशांचं. कृष्णवर्णीय पत्रकारांनी, विशेषतः हॅली हार्डिंगने, स्टेडियमच्या समितीसमोर उभं राहून विचारलं की आमच्या पैशांच्या मैदानावर आमच्याच मुलांना बंदी असलेली लीग कशी खेळते? रॅम्सला मैदान हवं होतं. त्यांनी मार्चमध्ये केनी वॉशिंग्टनला करारबद्ध केलं आणि मेमध्ये वूडी स्ट्रोडला. बारा वर्षं कुणालाच न दिसलेले खेळाडू मैदानाचा प्रश्न आल्यावर लगेच दिसले!

दुसरी म्हणजे एनएफएलला टक्कर द्यायला नवी लीग आली, ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स. रॅम्सनी रिकामं केलेलं क्लीव्हलंड या लीगच्या नव्या संघाला मिळालं. कोच कोण? पॉल ब्राउन. संघाचं नाव? ब्राउन्स. कोचच्या आडनावावरून संघाचं नाव पडलं आणि आजही तेच आहे.

विलिसने आपल्या जुन्या कोचशी संपर्क साधला. मला खेळायचंय. ब्राउनने सांगितलं, कळवतो. आणि काही कळवलं नाही. आपल्यातल्या ज्यांनी "वुई विल गेट बॅक टू यू" ऐकलंय त्यांना पुढची शांतता माहीत आहे. वाट बघून विलिसने कॅनडात मॉन्ट्रियलला जाऊन नशीब आजमवायचं ठरवलं. योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात जॅकी रॉबिन्सनही मॉन्ट्रियललाच दुय्यम लीगमध्ये बेसबॉल खेळत होता.

तेवढ्यात कोलंबसच्या एका वर्तमानपत्रात क्रीडा लिहिणाऱ्या पॉल हॉर्नंगचा निरोप आला. बोलिंग ग्रीनला ब्राउन्सचं शिबिर चालू आहे, जाऊन तर बघ. नंतर बऱ्याच जणांनी लिहिलंय की हा निरोप ब्राउनच्याच संमतीने आला होता. खेळाडू स्वतःहून चालत आला असं दिसलं की बाकीच्या मालकांपुढे कमी उत्तरं द्यावी लागतात. न लिहिलेला नियम मोडायचा तर तोही न बोलताच मोडायचा, असा काहीसा हिशोब.

विलिस गेला. ब्राउनने त्याला उभं केलं माइक स्कॅरीसमोर. स्कॅरी म्हणजे आधीच्या वर्षी एनएफएल जिंकलेल्या रॅम्सचा सेंटर, अनुभवी माणूस. बॉल हलला आणि स्कॅरी सरळ व्हायच्या आत विलिस त्याला ओलांडून क्वार्टरबॅकवर. पुन्हा एकदा. पुन्हा तेच. चौथ्या वेळीही तेच. वैतागून स्कॅरी ओरडला की हा ऑफसाइड आहे, बॉल हलायच्या आधी निघतोय.

तक्रार तशी रास्त होती. इतकं वेगात कुणी कसं निघेल? ब्लँटन कॉलियर हा सहायक कोच रेषेवर वाकून, डोळे बॉलच्या पातळीला आणून बसला. पुन्हा खेळवा म्हणाला. बघितलं, आणि निकाल दिला की हा ऑफसाइड नाही. बॉल हलल्यावरच निघतोय.

मग रहस्य काय? विलिस सेंटरच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. क्वार्टरबॅकच्या आरोळीकडेही लक्ष देत नव्हता. तो सेंटरच्या बोटांकडे बघायचा. बॉल उचलायच्या आधी बोटं घट्ट होतात. तो इशारा मिळाला की शरीर तयार, आणि बॉल हलला की सुटायचं. बाकीचे खेळाडू आवाजाची वाट बघत असताना हा कारण घडतानाच बघत होता.

मला या प्रसंगात वेगळीच गोष्ट आवडते. त्याच्यावर आरोप झाला आणि तो तपासायला कुणीतरी खरोखर खाली वाकलं. बारा वर्षं "चांगले मिळतच नाहीत" म्हणणाऱ्यांपैकी कुणीच वाकून बघितलं नव्हतं. त्या दिवशी विलिसला संघात जागा मिळाली.

खोलीतला दुसरा माणूस

थोड्याच दिवसांनी शिबिरात दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू आला, मॅरियन मोटली. फुलबॅक, कँटनमध्ये वाढलेला, बैलासारखी ताकद. त्यानेही आधी ब्राउनला विचारलं होतं आणि पळणारे पुरेसे आहेत असं उत्तर मिळालं होतं. विलिसची निवड झाल्यावर मात्र त्याला बोलावणं आलं. मोटलीला स्वतःला कायम वाटत राहिलं की आपल्याला बोलावलं ते विलिसला रूममेट हवा म्हणून. गोऱ्या खेळाडूबरोबर एका खोलीत त्याला ठेवता आलं नसतं. म्हणजे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला फुलबॅक हॉटेलच्या खोलीचं गणित जुळवायला आला होता! कारण काहीही असो, दार उघडलं आणि तो आत आला.

पॉल ब्राउनबद्दल इथे थोडं बोलायला हवं. तो काही समाजसुधारक नव्हता आणि त्याने तसा आवही आणला नाही. त्याला जिंकायचं होतं. त्याने गोऱ्या खेळाडूंना स्पष्ट सांगितलं की सहकाऱ्याशी जमवून घेता येत नसेल तर इथे जागा नाही. आणि विलिस-मोटलीलाही बजावलं की मैदानावर कुणी काहीही बोललं, काहीही केलं, तरी उलटून हात उचलायचा नाही.

आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण तेव्हा हेल्मेटला पुढे जाळी नसायची, तोंड उघडं. ढिगाऱ्याखाली कोपर बसायचं, खिळ्यांच्या बुटाने बोटं चिरडली जायची. मोटलीने नंतरच्या मुलाखतींत सांगितलंय की त्याच्या हातांवर मुद्दाम पाय दिला जायचा, शिव्या तर रोजच्याच. पंच दुसरीकडे बघायचे. याला उत्तर एकच होतं, पुढच्या खेळीत जास्त जोरात भिडणं. भांडण झालं असतं तर बातमी "कृष्णवर्णीय खेळाडूचा मैदानात दंगा" अशी आली असती आणि दार पुन्हा बंद करायला निमित्त मिळालं असतं. दोघांनी ते निमित्त दिलं नाही. या गप्प राहण्याची किंमत कुठल्या स्कोअरकार्डवर लिहायची, मला माहीत नाही.

मायामी

6 सप्टेंबर 1946 च्या पहिल्या सामन्याचा निकाल ब्राउन्स 44, मायामी सीहॉक्स 0.

आता हेच सीहॉक्स डिसेंबरमध्ये मायामीत, त्यांच्या घरी खेळायचे होते. फ्लोरिडात वर्णभेदाचे कायदे होते, तिथे कृष्णवर्णीय आणि गोऱ्या खेळाडूंना एकत्र मैदानात उतरता येत नव्हतं. त्यात धमक्याही आल्या. शेवटी विलिस आणि मोटली क्लीव्हलंडलाच थांबले आणि संघ त्यांच्याशिवाय गेला. 34-0 ने जिंकून आला.

पॉल ब्राउनने इथे सामना सोडायला हवा होता का? आज घरात बसून "हो" म्हणणं सोपं आहे. त्याने सोडला नाही. म्हणूनच मला ही गोष्ट स्वच्छ हिरो-व्हिलनची वाटत नाही. ज्या संघाने दोघांना आत घेतलं, तोच संघ एका आठवड्यासाठी त्यांना मागे ठेवून विमानात बसला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सीहॉक्स संघ मात्र एकाच सीझनमध्ये कर्जात बुडाला आणि लीगमधून गेला.

आठ वर्षं

नव्या लीगची चार वर्षं चालली आणि चारही वेळा, 1946 ते 1949, विजेतेपद ब्राउन्सचं. 1948 मध्ये तर एकही सामना हरले नाहीत. चार सीझनचा साखळी सामन्यांचा हिशोब 47 विजय, 4 पराभव, 3 बरोबरी. इतका एकतर्फी खेळ की लीगला प्रेक्षक मिळेनासे झाले.

सुरुवातीच्या काळात विलिस दोन्ही बाजूंनी खेळायचा, आक्रमणात गार्ड आणि बचावात मिडल गार्ड. पण त्याची खरी जागा बचावातलीच. तो कधी सेंटरवर तुटून पडायचा, कधी अचानक मागे सरकून पास अडवायला उभा राहायचा. समोरच्याला कळायचंच नाही की हा आता येणार की थांबणार. मधल्या माणसाने असं मागे सरकून खेळणं पुढे 1950 च्या दशकात रुळलं आणि त्यातून "मिडल लाइनबॅकर" ही जागा तयार झाली. त्याचं श्रेय बहुतेक वेळा शिकागोच्या बिल जॉर्जला जातं, पण त्या वाटेवर विलिस आधी चालून गेला होता.

लीग गुंडाळली आणि 1950 मध्ये ब्राउन्ससह तीन संघ एनएफएलमध्ये आले. एनएफएलवाले हसत होते. दुय्यम लीगचे राजे, आता कळेल. पहिलाच सामना गतविजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सशी, त्यांच्याच गावात, 71 हजारांपेक्षा जास्त प्रेक्षक. ब्राउन्स 35, ईगल्स 10. हसणं थांबलं.

त्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. तारीख 17 डिसेंबर 1950, ठिकाण क्लीव्हलंड, मैदान गोठलेलं. समोर न्यूयॉर्क जायंट्स. त्या सीझनमध्ये ब्राउन्स फक्त दोन सामने हरले होते आणि दोन्ही याच जायंट्सशी. हा सामना जिंकणारा अंतिम फेरीत. शेवटच्या क्वार्टरमध्ये ब्राउन्स 3-0 ने पुढे. तेवढ्यात जायंट्सचा जीन रॉबर्ट्स, टोपणनाव "चू-चू", म्हणजे आगगाडी, बॉल घेऊन सुटला. पुढे मोकळं मैदान. तो गोल रेषेपर्यंत पोहोचला असता तर खेळ बहुधा तिथेच संपला होता.

त्याला मागून गाठलं कुणी? एखाद्या चपळ बचावपटूने नाही, लाइनमनने. रांगेच्या मधून वळून विलिस बर्फाळ मैदानावर त्याच्यामागे पळाला आणि गोल रेषेपासून चार यार्डांवर त्याला खाली आणलं. पुढच्या प्रयत्नांतून जायंट्सना फक्त फील्ड गोलचे तीन पॉइंट मिळाले. 3-3. शेवटच्या मिनिटात लू ग्रोझाने किक मारली आणि ब्राउन्स 8-3 ने जिंकले. आठवड्याने, 24 डिसेंबरला, अंतिम सामन्यात त्यांनी लॉस एंजेलिस रॅम्सना 30-28 ने हरवलं. तिथेही ग्रोझाची किक, सामना संपायला 28 सेकंद उरलेली असताना.

तुम्ही 1950 च्या विजयाबद्दल शोधलंत तर ग्रोझाची किक सापडते, ऑटो ग्रॅहमचे पास सापडतात. साहजिक आहे, स्कोअरबोर्ड त्यांनीच हलवला. पण स्कोअरबोर्ड न हलू देणाऱ्याची नोंद त्या काळी कोण ठेवत होतं?

विलिस 1953 पर्यंत खेळला. आठ सीझन, आणि दरवर्षी संघ अंतिम सामन्यात. पाच जिंकले, तीन हरले. आठही वर्षं त्याचं नाव कुठल्या ना कुठल्या सर्वोत्तम संघाच्या यादीत होतं. एनएफएलमध्ये आल्यावर पहिली तीन वर्षं प्रो बोलसाठी निवड झाली. आकडे नसतानाही बघणाऱ्यांना दिसत होतं, हे त्यातल्या त्यात समाधान.

पुढे काय झालं

बत्तिसाव्या वर्षी त्याने बूट उतरवले. मग क्लीव्हलंड शहराच्या क्रीडा आणि करमणूक विभागात काम केलं. पुढे ओहायो राज्याच्या युवक आयोगात गेला. वाट चुकलेल्या, कोर्टाची पायरी चढलेल्या पोरांसाठीचं काम. तिथेच तो संचालक झाला आणि 1983 मध्ये निवृत्त झाला. खेळला त्याच्या दुप्पटीहून जास्त वर्षं त्याने हे काम केलं आणि तेही पुन्हा पडद्यामागचं.

1971 मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आणि 1977 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. तो हॉल आहे कँटनला, जिथे ती लीग जन्मली होती. 3 नोव्हेंबर 2007 ला ओहायो स्टेटने त्याचा 99 नंबर कायमचा निवृत्त केला, म्हणजे तो आता दुसऱ्या कुणालाही मिळणार नाही. त्यानंतर महिनाही गेला नाही. 27 नोव्हेंबरला, कोलंबसमध्येच, 86 व्या वर्षी विलिस गेला.

बाकीच्या तिघांचं काय? केनी वॉशिंग्टनला दार उघडलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि गुडघे संपले होते. तीन सीझन खेळून तो थांबला. वूडी स्ट्रोड रॅम्सकडून एकच सीझन खेळला, मग कॅनडात गेला आणि शेवटी सिनेमात. "स्पार्टाकस" बघितला असेल तर त्यातला जाळं आणि त्रिशूळ घेऊन लढणारा योद्धा आठवा, तोच हा. मोटली 1968 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. या चौघांना अमेरिकेत "फरगॉटन फोर" म्हणतात, विसरले गेलेले चौघे. 2022 मध्ये हॉल ऑफ फेमने चौघांना मिळून राल्फ हे यांच्या नावाचा पुरस्कार दिला. घ्यायला चौघांपैकी एकही हयात नव्हता.

आणि तो मार्शल, वॉशिंग्टनचा मालक? बाकी सगळे संघ बदलले तरी तो बदलला नाही. 1961 मध्ये त्याचा संघ केंद्र सरकारच्या जमिनीवर बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये जाणार होता. केनेडी सरकारातले मंत्री स्ट्यूअर्ट उडाल यांनी कळवलं की भेदभाव चालू ठेवलात तर मैदान मिळणार नाही. पुन्हा मैदान! 1962 मध्ये त्या संघात पहिल्यांदा कृष्णवर्णीय खेळाडू आले. त्यातला स्टार होता बॉबी मिचेल. तो आला कुठल्या संघातून? क्लीव्हलंड ब्राउन्समधून.

हा धागा जुळला तेव्हा मला एक गोष्ट कळली. लॉस एंजेलिस असो की वॉशिंग्टन, न लिहिलेला नियम कुणाला उपरती झाली म्हणून मोडला नाही. एका ठिकाणी पत्रकाराने जाब विचारला, दुसऱ्या ठिकाणी मंत्र्याने पत्र पाठवलं, आणि क्लीव्हलंडला एका कोचला जिंकायचं होतं. पण दार किलकिलं झाल्यावर ते उघडं ठेवायची जबाबदारी ज्याच्यावर आली, त्याला रोज सामना खेळायचा होता, रोज गप्प राहायचं होतं आणि रोज समोरच्यापेक्षा अर्धा सेकंद आधी निघायचं होतं. एका जरी दिवशी तो साधारण खेळला असता तर लोकांनी म्हटलं असतं, "बघा, सांगितलं नव्हतं?"

ओहायोच्या सहकाऱ्याला मी मागच्या सोमवारी विचारलं, बिल विलिस माहितीये का? तो दोन सेकंद थांबला आणि म्हणाला की आजोबांकडून नाव ऐकलंय. मग पाच मिनिटं मी बोललो आणि तो हुं हुं करत होता.

पुढच्या वेळी कुठलाही सामना बघाल, अगदी आपला कबड्डीचा सुद्धा, तर एखाद्या खेळीपुरतं बॉलवरून किंवा रेडरवरून लक्ष काढून बाजूच्या माणसाकडे बघा. तो काय करतोय, कुणासाठी करतोय. आणि असं कुणी तुमच्या पाहण्यात असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा, मी सगळ्या वाचतो.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा, आणि हो, स्टेशन आलं असेल तर उतरा!